बुडबुड्याची काच

आमच्या दुकानात बुडबुडा असलेली काच परत जायची. टेम्पोतून माल उतरला की आप्पा एकेक शीट उभी धरून उन्हाकडे बघायचे आणि कुठे मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी शीट बाजूला, खडूनं फुली मारून परत. मिरजेत आमचं फोटो फ्रेमचं आणि काचेचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो (हे काम सगळ्यात अर्जंट, तेराव्याच्या आत हवंच), आणि मधल्या वेळात कुणाच्या खिडकीचं तावदान नाहीतर शोकेसची काच. माझं लहानपण रॉकेलच्या आणि लांबीच्या (काच बसवायची पुट्टी) वासात गेलंय. हिरकणी, म्हणजे काच कापायचं हिऱ्याच्या टोकाचं हत्यार, रॉकेलमध्ये बुडवायची, पट्टी दाबून धरायची आणि एकदाच, न थांबता ओढायची, तेव्हा जो आवाज येतो ना त्यावरून आप्पा पाठमोरे असले तरी सांगायचे, कट बसला की वाया गेला ते.

हे आधीच सांगून टाकते, कारण फ्रँकफर्टला नोकरीसाठी आल्यापासून मी वीकेंडला चर्च बघत हिंडते हे कळलं की लोकांना वाटतं हिला काहीतरी अध्यात्मिक झालंय, किंवा ही आर्टवाली आहे. दोन्ही नाही. हे काचवाल्याच्या पोरीचं खूळ आहे. सगळे येशूकडे बघत असतात तेव्हा मी दोन तुकड्यांमधला सांधा बघत असते.

सुरुवात कोलोनला झाली. ट्रेनमधून उतरून स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर एकदम ते कॅथेड्रल, काळंकभिन्न, मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही. १५७ मीटर. १२४८ साली पाया घातला, मग सोळाव्या शतकात काम थांबलं ते जवळजवळ तीनशे वर्षं तसंच, अर्धवट बुरुजावर लाकडी क्रेन उभी, आणि १८४२ला परत सुरू करून १८८०ला पूर्ण केलं. आपल्याकडचा उड्डाणपूल रखडला की आता मी फार चिडत नाही.

आत उजव्या हाताला, दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीत, चित्रच नाहीये. नुसते चौकोन. ११ हजारांहून जास्त, प्रत्येक साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा, ७२ रंगांत. आधीची खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली, तिथे कितीतरी वर्षं साधीच काच होती, मग गेरहार्ड रिश्टर या चित्रकारानं २००७ साली ही केली. रंग त्याच कॅथेड्रलच्या जुन्या खिडक्यांमधले घेतले आणि कुठला चौकोन कुठे हे बरंचसं कॉम्प्युटरला रँडम ठरवू दिलं. तिथल्या तेव्हाच्या कार्डिनलना ते अजिबात आवडलं नव्हतं, हे मशिदीत जास्त शोभेल असं काहीतरी ते म्हणाले होते आणि त्यावरून चांगलाच गदारोळ झाला. मला विचाराल तर त्या खिडकीचं खरं काम खाली फरशीवर चालतं. दुपारी तिथे उभं राहिलं की फरशीवर, खांबांवर, समोरच्या माणसाच्या टकलावर रंगांचे चौकोन सरकत असतात, आणि लहान पोरं त्यात उड्या मारतात. मी तिथूनच आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "टाईल्स बसवल्यात गं."

एवढंच. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "मापं मात्र बरोबर बसवलीयत."

त्यानंतर मी दर महिन्याला कुठेतरी जायला लागले, आणि हळूहळू कळत गेलं की काचेच्या आधी भिंत समजून घ्यायला लागते. जुन्या चर्चच्या भिंती आपल्या किल्ल्यासारख्या जाड आणि खिडक्या म्हणजे भोकं, कारण वरचं दगडी छत भिंतीला बाहेर ढकलत असतं. मोठी खिडकी ठेवली तर भिंत फुटणार. आमच्या आत्याच्या वाड्याची मागची भिंत फुगली होती तेव्हा बाहेरून एक तिरका वासा लावला होता टेकू म्हणून, आणि तो तात्पुरता टेकू पंधरा वर्षं तसाच होता. गॉथिक, म्हणजे या उंच चर्चच्या बांधणीची जी पद्धत, ती तेच आहे. टेकू भिंतीच्या बाहेर, दगडाचे, कमानीसारखे उडी मारून आलेले, ते छताचा भार अंगावर घेतात आणि जमिनीत सोडतात. वर टोकदार कमानी, त्या भार जास्त सरळ खाली उतरवतात. एवढं केल्यावर मधल्या भिंतीला कामच उरत नाही, मग काढा ती, लावा काच. पॅरिसजवळ सां-दनीच्या मठात ११४४ साली हे पहिल्यांदा नीट जमलं आणि मग शंभर वर्षं सगळे त्याच्याच मागे लागले, कोण जास्त उंच, कोणाची काच जास्त.

तर मागच्या उन्हाळ्यात आई-आप्पा आले. दुकान आता बंद केलंय, आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत, आणि आईला तर पोरगी एकटी परदेशात काय खाते हे डोळ्यांनी बघायचं होतं. पहिल्याच रविवारी त्यांना माइंझला नेलं, ट्रेननं जवळच आहे. तिथे टेकडीवर सेंट स्टीफनचं चर्च आहे, ते युद्धात उद्ध्वस्त झालं होतं, परत बांधलं, आणि तिथल्या पाद्रींनी मार्क शगाल या चित्रकाराला खिडक्या करून द्यायची गळ घातली. शगाल ज्यू. ज्या देशानं त्याच्या लोकांचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे त्या देशातल्या चर्चला तो खिडक्या करून देईल असं कुणाला वाटलं असेल, पण त्यानं दिल्या. पहिली खिडकी १९७८ला बसली तेव्हा तो ९१ वर्षांचा होता, आणि मग १९८५ला जाईपर्यंत करतच राहिला, एकूण नऊ.

दारात गडबड झाली. आप्पांनी बूट काढले. मी म्हटलं, "आप्पा, इथं काढत नाहीत." तर म्हणे, "इथं काढत नसतील, मी काढतो." आणि आईनंही चपला काढल्या आणि दोघं मोज्यांवर आत. दाराशी माहितीपत्रकं विकणाऱ्या बाईंनी बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली, हो हो चालेल अशी, आणि ते बूट स्वतःच जरा बाजूला सरकवून ठेवले, कुणी अडखळू नये म्हणून.

आत सगळं निळं. म्हणजे खिडक्या निळ्या आहेत असं नाही म्हणत मी, हवाच निळी. सकाळची वेळ होती, ऊन पूर्वेकडून, वेदीमागच्या खिडक्यांतून सरळ येत होतं, आणि आप्पांचा पांढरा शर्ट पार निळा झाला होता. चर्चची वेदी बहुतेक ठिकाणी पूर्वेला असते, त्यामुळे तिकडच्या खिडक्या बघायच्या तर सकाळी जायचं आणि दारावरच्या पश्चिमेच्या बघायच्या तर दुपार टळल्यावर. हे साधं गणित समजायला मला दीड वर्ष लागलं, तोवर मी निम्मी चर्चं चुकीच्या वेळी बघून आले होते आणि लोक उगाच कौतुक करतात असं मनात म्हणत होते.

आप्पांनी विचारलं, "हे वरून रंगवलंय का काचच रंगीत आहे?"

बरोब्बर प्रश्न. रंग काचेतच असतो, भट्टीत काच वितळलेली असतानाच धातू घालतात, निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला तांबं, जांभळ्याला मँगनीज. वरून ब्रशनं फक्त काळपट रेघा काढतात, नाक डोळे कपड्यांच्या चुण्या, आणि ते परत भट्टीत घालून पक्कं करतात. आप्पा म्हणाले, "म्हणजे आपल्या ताईच्या वाड्यासारखंच." आत्याच्या वाड्यात दारावरच्या झरोक्यात लाल, हिरव्या, निळ्या काचा होत्या, दरवर्षी पोरांच्या चेंडूनं एकतरी फुटायची आणि आप्पा फुकटात बसवून द्यायचे, पण रंग कधी जुळायचा नाही, त्यामुळे शेवटी शेवटी त्यात तीन वेगवेगळे हिरवे होते.

आईचं वेगळंच चाललं होतं. माइंझहून दोन दिवसांनी कोलोनला गेलो तेव्हा तिनं शोधून काढलं की वेदीच्या मागून पूर्ण गोल रस्ता आहे. तिनं मला विचारलंही नाही, उजवीकडे वेदी ठेवून चालायला लागली, प्रदक्षिणा. एक झाल्यावर म्हणाली, "सोय चांगली केलीय."

पण सांगायचंय ते शार्त्रचं.

शार्त्र पॅरिसपासून ट्रेननं तासभर. सपाट गव्हाची शेतं आणि त्यात लांबूनच दोन मनोरे दिसायला लागतात, एकाची उंची वेगळी, नक्षी वेगळी, जणू दोन भावांनी वाटणी करून आपापला बांधलाय (मधे साडेतीनशे वर्षं गेलीत, त्यामुळे ते तसंच आहे म्हणा). ११९४ला इथलं आधीचं चर्च जळलं. पुढचा दर्शनी भाग तेवढा वाचला आणि त्यातल्या तीन खिडक्या, आणि एक मेरीची मोठी निळी खिडकी. बाकी सगळं तीसेक वर्षांत नवीन उभं केलं आणि काचा लावल्या. आज तिथे पावणेदोनशेच्या आसपास खिडक्या आहेत, अडीच हजार चौरस मीटरहून जास्त काच, आणि त्यातली बहुतेक तेव्हाचीच, तेराव्या शतकातली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या आधीची काच. १९३९ला युद्ध येतंय हे दिसल्यावर लोकांनी सगळ्या खिडक्या उतरवून, पेट्यांत भरून लांब नेऊन ठेवल्या आणि युद्ध संपल्यावर परत बसवल्या. हे आप्पांना सांगितलं तर ते तिथेच थांबले. "सगळ्या? उतरवल्या? आणि फुटल्या नाहीत?" आयुष्यभर सायकलवर काच नेलेल्या माणसाला त्यातलं जे कळतं ते मला कधी कळणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ढग होते आणि मला वाईट वाटलं, एवढं लांब आणलं आणि नेमकं आज. आत तर आधी काही दिसेचना. आणि दुसरी गंमत म्हणजे अर्धं चर्च आता क्रीम रंगाचं आहे, २००९पासून साफसफाई चाललीय, आठशे वर्षांची काजळी काढून भिंती मुळात जशा होत्या तशा करायच्या म्हणून, आणि त्यावरून जगभरचे लोक भांडलेत. काळ्या भिंतीत काच जास्त पेटते, उजळ भिंतीत ती फिकी पडते, असं एका बाजूचं म्हणणं, आणि मी मनातून त्यांच्या बाजूची. आप्पा म्हणाले, "दिवाळीला आपण रंग काढतोच की." वाद संपला.

मी पिशवीतून दुर्बीण काढली. कुणी जाणार असेल तर ही एकच गोष्ट न विसरता न्या, गाईडबुक राहिलं तरी चालेल, कारण वरच्या खिडक्या नुसत्या डोळ्यांनी म्हणजे गोधडी दिसतात. आप्पांना खालच्या खिडक्यांपाशी बसवलं आणि म्हटलं, खालून वर वाचायचं. गोष्ट तळाशी सुरू होते आणि वर सरकत जाते. पण एका खिडकीच्या सगळ्यात खालच्या चौकटीत संत नाहीत, देव नाही, तिथे चांभार आहेत. बसलेत आणि चपला शिवतायत. वर बायबलातली गोष्ट, रस्त्यात लुटलेल्या माणसाला परका माणूस मदत करतो ती, आणि खाली पायताणं शिवणारे लोक. दुसऱ्या खिडकीत सुतार आणि चाकं बनवणारे. कुठे पाणी वाहणारे, कुठे पाववाले, कुठे कातडी आणि फर विकणारे, पैसे बदलून देणारे सावकार तर त्यांच्या टेबलासकट.

आई म्हणाली, "हे तर आपल्या देवळातल्या फरशा झाल्या." आणि मला एवढं हसू आलं की मागच्या बाकावरच्या आजीनं वळून बघितलं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून, पंख्याच्या तीन पात्यांवर तीन वेळा. तशीच या लोकांनी वर्गणी काढून खिडक्या दिल्या असं खूप वर्षं मानत होते. आता काही अभ्यासक म्हणतात की ते इतकं सरळ नाही, त्या काळी शार्त्रमध्ये या धंद्यांना संघटना म्हणून तेवढी ताकदच नव्हती, आणि चर्चनंच त्यांना चित्रात घातलं असेल, वसुली गोड दिसावी म्हणून. कोणास ठाऊक. वर्गणी आणि वसुली यातला फरक आपल्याकडच्या दुकानदारालाही गणपतीत विचारून बघा.

तर आप्पा ती चांभारांची चौकट दुर्बिणीतून बघत होते आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं चित्र बघतायत. मग म्हणाले, "ही गोलाई कशानं कापली असेल? हिरकणी होती तेव्हा?"

नव्हती. हिरकणीनं काच कापणं नंतर आलं. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या एका मठातल्या माणसानं हे सगळं काम लिहून ठेवलंय आणि ते मी आप्पांसाठीच वाचून गेले होते. खडूनं पांढऱ्या केलेल्या फळीवर खऱ्या मापात चित्र काढायचं. त्यावर काच ठेवायची. लोखंडाची सळई तापवून लाल करायची आणि काचेच्या कडेला टेकवायची, की तडा जातो, मग ती सळई जिकडे न्यावी तिकडे तडा मागे मागे येतो. येईलच असं नाही. नंतर एका खाचेच्या लोखंडी हत्यारानं कड कुरतडत कुरतडत आकार आणायचा, जसं उंदीर भाकरी कुरतडतो. मग रेघा काढायला जो काळा रंग, तो वाइनमध्ये नाहीतर लघवीत खलायचा (आई म्हणाली, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं), भाजायचं, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवून सांधे डाखायचे. एवढं सगळं एका तळहाताएवढ्या तुकड्यासाठी.

आप्पांनी दुर्बीण खाली घेतली. "तापल्या सळईनं," एवढंच म्हणाले. आणि आपला उजवा हात बघत बसले.

आमच्या बाजूला एक ग्रुप होता, त्यांचा गाईड इंग्लिशमध्ये सांगत होता की काच ही खरं तर द्रव असते आणि शेकडो वर्षांत हळूहळू खाली ओघळते, म्हणून जुन्या काचा तळाशी जाड. हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता कंटाळा आला. ओघळत नाही हो. तेव्हा काच फुंकून, फिरवून, उलगडून करायचे त्यामुळे ती सगळीकडे सारखी जाड व्हायचीच नाही, एवढंच. आप्पांना मी भाषांतर करून सांगितलं तर ते म्हणाले, "जाड बाजू खालीच ठेवणार ना कोणीही, वजन असतं त्याला. गाईडला सांग." मी सांगितलं नाही.

दशम्या खाऊन (बाहेर, आवारात) परत आत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि ढग हटले. पश्चिमेच्या त्या तीन खिडक्या, आगीतून वाचलेल्या, ११५०च्या सुमाराच्या. मी आधी दोनदा जाऊन आलेय तरी तो निळा मला सांगता येणार नाही. आकाशी नाही, मोरपंखी नाही, शाईचाही नाही. बाकीचे रंग आठशे-नऊशे वर्षांत ऊनपावसानं बरेच खाल्ले गेलेत पण हा निळा वेगळ्या प्रकारच्या काचेचा आहे त्यामुळे तो टिकलाय. आप्पा अगदी जवळ जाता येईल तितके गेले आणि दुर्बीण लावली.

"अगं, ही सगळी बुडबुड्याची काच आहे!"

मला आधी वाटलं तक्रार करतायत. आवाज तोच होता, टेम्पोवाल्याशी बोलतानाचा. "बघ, हा बघ, हा तर केवढा. आणि इथं लाट आलीय काचेला. ही सगळी शीट मी परत पाठवली असती." मग दुर्बीण माझ्याकडे दिली आणि मी बघितलं तर खरंच, ऊन त्या बुडबुड्यांवर अडत होतं, फुटत होतं, एकाच निळ्या तुकड्यात दहा निळे. आपल्या खिडकीतली चांगली सपाट काच ऊन सरळ पलीकडे जाऊ देते आणि स्वतः दिसतच नाही, चांगल्या काचेची व्याख्याच ती. ही अडवून धरते. एकोणिसाव्या शतकात लोकांनी जुन्यासारख्या खिडक्या करायला घेतल्या तेव्हा त्यांची काच इतकी सफाईदार होती की त्या मेल्यासारख्या दिसायला लागल्या, आणि मग मुद्दाम बुडबुडे असलेली, जाडबारीक काच बनवायला लागले. तेही मी आप्पांना सांगितलं. "मुद्दाम?" ते म्हणाले. पुढे संध्याकाळपर्यंत अधूनमधून नुसतं "मुद्दाम" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पॅरिसला सेंट शॅपेल. ते मोठ्या कोर्टाच्या आवारात असल्यामुळे विमानतळासारखं चेकिंग आणि रांग. फ्रान्सचा राजा नववा लुई, त्यानं येशूचा काटेरी मुकुट विकत घेतला तो ठेवायला हे बांधलं, १२४८ला पूर्ण झालं, आणि मुकुटाला इमारतीच्या तिपटीहून जास्त पैसे पडले. वरच्या मजल्यावर १५ उंच खिडक्या, १,११३ प्रसंग, भिंत जवळजवळ नाहीच. ती उभी कशी राहते तर आतून लोखंडी साखळ्यांनी आवळलीय आणि त्या साखळ्या खिडक्यांच्या गजांत लपवल्यात. हुशारी जबरदस्त. पण खरं सांगू, मला तिथे काही झालं नाही. तीनशे माणसं हात वर करून फोटो काढतायत, आईला बसायला जागा नाही, आणि दागिन्यांच्या पेटीत आपल्याला कोंडल्यासारखं वाटतं. तिथे आप्पांना एकदम जुन्या गोव्याची आठवण झाली, सगळे मिळून गेलो होतो तेव्हा से कॅथेड्रलच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले होते, पातळ चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवलेले, आणि आत कसा दुधी, शांत उजेड होता. "ते बरं होतं," म्हणाले. "डोळ्यांना त्रास नाही." त्या काळी काच लांबून आणायची म्हणजे महाग, शिंपले समोरच्या पाण्यात, आणि आपल्याकडच्या उन्हाला असली पेटणारी काच लावली असती तर आत बसवलं नसतं कुणाला.

शार्त्रला चर्चजवळच्या एका गल्लीत काचकाम करणाऱ्यांचं छोटं दुकान होतं, बाहेर टोपलीत उरलेले तुकडे विकायला. मी एक निळा तुकडा गुपचूप घेतला होता, पोस्टकार्डाएवढा, तोंडानं फुंकलेल्या काचेचा. जायच्या आदल्या रात्री आप्पांना दिला. त्यांनी आधी नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. मग दिव्यासमोर धरला. "तीन बुडबुडे. केवढ्याला?"

"आठ युरो."

मनात गुणाकार झाला. "फसवलं तुला."

तो तुकडा आता मिरजेला स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत आहे. दोन वळणाऱ्या आणि दोन न वळणाऱ्या बोटांनी त्यांनी स्वतः लांबी भरून बसवलाय. आई म्हणते, साडेचारला चहाच्या भांड्यावर निळं पडतं आणि रोज तेव्हाच हे बरोबर आत येऊन उभे राहतात. परवा त्यांचा फोन आला. काच बसवायच्या आधी त्यांनी तिची कड बघितली होती, आरपार निळी आहे. लालही तशीच असते का, विचारत होते. म्हटलं, नाही, लाल तशी केली तर इतकी गडद होते की काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर देतात. त्यांना पटलं नाही. थर असला तर सुटणार नाही का, एवढ्या वर्षांत?

"पुढच्या वेळी लाल आण," म्हणाले. "कडेनं बघतो."